अर्ध्या पानाचं सर्टिफिकेट

पत्र थोडक्यात: पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरबाईंचं हे पत्र. वय ३८, शिक्षण गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), आता जनरल प्रॅक्टिस. सीझनमध्ये परदेशी पेशंट रोजचेच. दोन महिन्यांपूर्वी एक परदेशी तरुण पाय दुखतात, झोप लागत नाही म्हणून आला. पाठीवर आणि दंडावर जुने व्रण होते. आपल्या देशात कोठडीत मारहाण झाली, दिल्लीत यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या) कार्यालयात आश्रयासाठी अर्ज केलाय आणि वकिलाने डॉक्टरचा अहवाल मागितलाय, असं त्याने सांगितलं. बाईंनी लेटरहेडवर 'जुने, भरून आलेले व्रण दिसले' असं अर्धं पान लिहून दिलं. मग वकिलाचा फोन आला: सविस्तर लिहाल का? आणि अशी कामं पुढेही घ्याल का? पती म्हणतात, कोर्टाच्या खेपा कोण घालणार. सासरे म्हणतात, परक्याचं लचांड आपल्याला कशाला. मंगेशीची जत्रा होऊ दे, मग बोलू. बाई विचारतात: "मी फॉरेन्सिकची नाही. तो खोटं बोलत असेल तर? खरं बोलत असेल आणि मी नाही म्हटलं तर? आणि सुरुवात करायचीच तर कुठून?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय डॉक्टरबाई,

तुम्ही लिहिलंय, "कागद त्याच्या हातात दिला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या रात्री झोप आली नाही." हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. तसाच एक कागद मीही लिहिलेला आहे.

१९८४ साल असेल. वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात मी नवीन होते. सत्तरीतल्या एका गावातून साठीच्या घरातले एक गृहस्थ यायचे. गोवा मुक्तीच्या चळवळीत पकडले गेलेले, पोर्तुगीजांच्या क्वार्तेलात, म्हणजे ठाण्यात, मार खाल्लेले. पेन्शनच्या अर्जाला जोडायला त्यांना डॉक्टरचा दाखला हवा होता. पाय बघायला मी हात पुढे केला तर त्यांनी दोन्ही पावलं खुर्चीखाली ओढून घेतली. तळव्याला हात म्हणून लावू देईनात. हकीकत मात्र सांगायचे. पहिल्या खेपेला म्हणाले, चवथ (गणेश चतुर्थी) नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा धरून नेलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पाऊस लागायचा होता अजून. कधी तीन शिपाई असायचे, कधी पाच. मला वाटलं, बाबांचं सगळं काही खरं नसावं. 'घोट्यांजवळ जुने व्रण, कारण सांगता येत नाही' अशी एक ओळ लिहिली आणि शिक्का मारला. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरले. पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालत होते, तळवा जमिनीला टेकवत नव्हते. ती चाल मी दारात उभी राहून पाहिली. लिहिली मात्र नाही.

पुढे काही वर्षं मी परदेशात होते. तिथे एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंच्या हाताखाली आश्रय मागणाऱ्यांचे वैद्यकीय अहवाल लिहायला शिकले. तळव्यांवर मारलेल्या माणसाची पावलं वरून कित्येकदा अगदी साफ दिसतात. टाचेखालची गादी आतून फुटून चपटी झालेली असू शकते, अंगठा वर वळवला की तळव्यातून कळ जाते, आणि माणूस कडांवर चालायला लागतो. हे ज्या दिवशी शिकले त्या दिवशी मला वाळपईच्या त्या पायऱ्या आठवल्या. चवथ आणि पाऊस यांचा घोळही उलगडला. भीतीने गोठलेल्या माणसाच्या लक्षात वास राहतो, दाराच्या कडीचा आवाज राहतो. तारीख आणि क्रम निसटतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असेल तर शिपाई तीन की पाच, हे त्याला कळणार कुठून?

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते: तो खोटं बोलत असेल तर?

प्रश्न पडला यात गैर काही नाही. पण वकिलाने तुम्हाला हे विचारलेलंच नाही. तो खरा की खोटा हे ठरवणं यूएनएचसीआरच्या अधिकाऱ्याचं, किंवा प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीशाचं काम आहे. शिवाय १९५१च्या निर्वासितविषयक करारानुसार नुसता छळ झाला म्हणून कोणी निर्वासित ठरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होण्याची रास्त भीती आहे, हे दाखवावं लागतं. त्यातलं काहीही व्रणावर लिहिलेलं नसतं. तुमच्यापुढचा प्रश्न बराच लहान आहे, आणि तो खास डॉक्टरचा आहे: हा माणूस असं सांगतोय, मला असं दिसतंय, या दोन्हींचा मेळ कितपत बसतो?

हा मेळ मांडायची एक ठरलेली रीत आहे. तिला इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. १५ देशांतल्या ७५हून अधिक तज्ज्ञांनी तीन वर्षं खपून तो तयार केला आणि १९९९च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांकडे दिला. २०२२मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ती फुकट उपलब्ध करून दिलीय. त्यात मेळाच्या पाच पायऱ्या आहेत. सांगितलेल्या कारणाने ही खूण होऊच शकत नाही, ही सगळ्यात खालची. मग, होऊ शकते, पण इतर पुष्कळ कारणांनीही होते. त्यावर, होऊ शकते आणि इतर कारणं थोडीच आहेत. त्यावर, अशा इजेत सहसा अशीच खूण दिसते, तरी दुसरं कारण अगदीच अशक्य नाही. आणि शेवटची, दुसऱ्या कशानेही अशी खूण होत नाही. एकेक व्रण या पायऱ्यांवर ठेवायचा आणि शेवटी शरीर, मन आणि हकीकत मिळून काय चित्र उभं राहतं ते लिहायचं. ते एकत्रित मत सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या सुट्या व्रणांची यादी केली तर तुमच्या अर्ध्या पानासारखं होतं: लिहिलेलं सगळं खरं, आणि वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. दंडावर पाच-सहा गोल डाग आहेत. विझत्या सिगारेटचे चटके दिले, असं तो सांगतोय. असे चटके भरून आले की साधारण ५ ते १० मिलिमीटरचे गोल किंवा लंबगोल डाग राहतात, कडेला काळपट, मध्ये फिके किंवा गडद. तुम्ही पट्टी धरून मोजता, आकृतीवर खुणा करता, त्याच्या संमतीने पट्टीसकट फोटो काढता. मग थांबून स्वतःला विचारता, दुसरं काय असू शकेल? आपल्याकडे कावीळ झाली की पोटावर, मनगटावर डाग द्यायची जुनी पद्धत होती. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी असे डाग दिलेली मुलं पाहिली आहेत. अशा उपचाराच्या रीती जगात इतर ठिकाणीही आहेत. म्हणून त्याला सरळ विचारायचं: तुमच्याकडे आजारात चटके देतात का? लहानपणी तुला दिले होते का? पिकलेले फोड, किड्याचा चावा, लसीची खूण, सगळं विचारायचं. ही कारणं तुम्ही तपासली आणि का बाजूला ठेवली हे अहवालात आलं, की वाचणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

आणि एक गोष्ट मला माझ्या त्या बाईंनी शिकवली. अंगावरची प्रत्येक खूण विचारायची, छळाशी संबंध नसलेलीसुद्धा. आपल्या गोव्यात कष्ट करणाऱ्या कुणाच्या अंगावर खुणा नसतात? नारळ पाडणाऱ्या पाडेल्याच्या घोट्यांवर घट्टे असतात, नुस्तें (मासळी) कापणारीच्या बोटांवर कापल्याच्या रेघा असतात. तुमच्या पेशंटच्या अंगावरही आयुष्य जगल्याच्या खुणा असणारच. गुडघ्यावरच्या व्रणाकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला, "हा सायकलवरून पडलो तेव्हाचा", तर ते जसंच्या तसं लिहा. ज्याला सगळ्या खुणा छळाच्या खात्यात टाकायच्या असतात तो असं सांगत नाही. ही एक ओळ कधीकधी पूर्ण पानाचं काम करते.

उलट बाजूही सांगायला हवी. मेळ बसत नसेल तर तेही लिहायचं. दोन वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितलेला व्रण अजून लाल, ताजा दिसत असेल तर तसं लिहायचं आणि वकिलाला आधीच कळवायचं. अहवाल सादर करायचा की नाही हे ठरवणं त्याचं काम. पेशंटवर दया आली म्हणून पायरी वर सरकवलीत तर त्याचं नुकसान होतंच, शिवाय तुमच्याकडे पुढे येणाऱ्या दहा जणांचंही होतं. एकही व्रण नसला म्हणजे छळ झालाच नाही, असंही होत नाही. ओल्या कपड्यातून मारणं, तासन्तास उभं करणं, झोपू न देणं, बुडवणं, धमक्या देणं यांची कातडीवर काही खूण उरेलच असं नाही. पेशंटला रात्री झोप का लागत नाही, हा प्रश्न पाठीवरच्या व्रणांइतकाच अहवालाचा भाग आहे.

तुम्ही लिहिता, "मी फॉरेन्सिकची नाही." हे काम करणाऱ्यांत फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सगळे असतात. तुमच्याकडे पायाचा भाग आहेच. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमांच्या नोंदी) लिहिल्या असतील: जखमेची लांबी, रुंदी, जागा, कडा. लैंगिक हिंसेच्या तपासणीबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही वाचल्या असतील. संमती कशी घ्यायची, पीडितेच्या चारित्र्यावर शेरा का मारायचा नाही, खूण नाही म्हणजे अत्याचार नाही असं का लिहायचं नाही, हे सगळं त्यात आहे. तीच शिस्त इथे लागते. नवीन आहे ते इतकंच, की जखम ताजी नसून वर्षानुवर्षांची जुनी असते आणि हकीकत नीट ऐकायला दोन ते चार तास लागतात. दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्या तुमच्यामाझ्यासारख्यांना हे जड जातं. ज्ञान कमी पडत नाही, बैठक कमी पडते.

आता घरच्यांचं. पतींची कोर्टाच्या खेपांची भीती समजण्यासारखी आहे. यूएनएचसीआरकडच्या प्रकरणात अहवाल वकिलामार्फत कागदोपत्री जातो. डॉक्टरला समोर बोलावणं नेहमीचं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागू शकतं, आणि क्वचित उभंही राहावं लागेल. हे पतींना आधीच मोकळेपणाने सांगा. 'काही होणार नाही' असं म्हणून वेळ मारून नेऊ नका.

सासऱ्यांशी वाद घालू नये असं मला वाटतं. त्यांना काळजी आहे, आणि काळजीपोटी माणूस 'परका' हा शब्द पटकन उच्चारतो. जत्रेला त्यांच्याबरोबर मंगेशीला जाल तेव्हा फक्त एवढं विचारा, की आपला देव मुळात कुठला? मंगेश होता कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचातून लोकांनी त्याला रातोरात झुआरीपलीकडे प्रियोळला नेलं. शांतादुर्गाही केळशीहून कवळ्याला गेली. ही दोन्ही गावं फोंड्यातली, आणि तेव्हा फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, म्हणून आसरा मिळाला. सासऱ्यांना हे तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यांनाच सांगू द्या. तुम्ही ऐका.

कायद्याची बाजू मात्र भावनेवर सोडू नका. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. यूएनएचसीआर काही देशांतून आलेल्यांची प्रकरणं तपासून कार्ड देतं, पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. परदेशी नागरिकांबद्दलचा २०२५चा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालाय, आणि दाखल करून घेतलेल्या परदेशी पेशंटची माहिती कळवायची जबाबदारी त्याने इस्पितळांवर टाकलीय. तुमचा दवाखाना ओपीडीचा आहे, तरी तुमच्यावर नेमकं काय बंधन येतं हे वकिलाकडून लेखी समजून घ्या. आणि तपासणीला हात घालायच्या आधी पेशंटला सांगा, की त्याने सांगितलेलं कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नका. दुसरीकडे, १९९६मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की राज्यघटनेच्या कलम २१चा जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. आजारी परदेशी माणसाला तपासणं आणि त्याच्याबद्दल खरं लिहिणं हा गुन्हा नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असू द्या.

म्हापशाबद्दल एक गोष्ट मनात येते म्हणून लिहिते. आपण जिल्हा इस्पितळाला अजूनही 'आझिलो' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये 'आझिलो' म्हणजे आसरा, आश्रय. आश्रय मागणाऱ्याच्या अर्जावरही त्या भाषेत हाच शब्द असतो. आणि कागदपत्रं संपलेल्या परदेशी लोकांना ठेवायचं डिटेन्शन सेंटरही म्हापशातच आहे. तुमच्या दवाखान्यापासून दोन्ही जवळ.

तर मग करायचं काय? तुमच्यापुढे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पत्रात ते एकमेकांत गुंतलेत. एक, या तरुणाचं काय. दुसरा, हे काम पुढे घ्यायचं का.

या तरुणाचा प्रश्न थांबणारा नाही. तो तुमचा पेशंट आहे. तुम्ही त्याला औषध दिलंय. औषध देणाऱ्याने स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून अहवाल लिहू नये, ही चांगली रीत आहे, कारण पेशंटची बाजू घेणं हे उपचार करणाऱ्याचं कामच असतं आणि वाचणारा तसाच अर्थ लावतो. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरचं सविस्तर पत्र ही वेगळी, पूर्ण वैध गोष्ट आहे, आणि ते तुमच्याखेरीज कोणी लिहू शकत नाही. त्याला परत बोलवा. कोणत्या तारखेला काय तक्रार घेऊन आला, त्याच्या शब्दांत काय सांगितलं, तुम्ही काय पाहिलं, काय उपचार दिले, काय फरक पडला, हे लिहा. व्रण मोजून, आकृतीवर दाखवून लिहा. तो चालतो कसा ते लिहा. जे तुम्ही तपासलं नाही ते 'तपासलं नाही' असं लिहा. आधीचं अर्धं पान मागे घेऊ नका, त्याचा उल्लेख करून 'सविस्तर नोंद आता देत आहे' असं म्हणा. मेळाच्या पायऱ्यांचं मत मात्र शिकल्याशिवाय देऊ नका. ते काम प्रशिक्षित डॉक्टरकडे द्यावं, असं वकिलाला सांगा.

आणि आधी उपचार. झोप लागत नाही, पाय दुखतात. हे अहवाल होईपर्यंत थांबायचं नाही. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे चिठ्ठी देऊन पाठवा; शक्य असेल तर आधी फोन करा, म्हणजे त्याला रांगेत उभं राहून सगळ्यांदेखत हकीकत सांगावी लागणार नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. रात्रीबेरात्री गरज पडली तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्याजवळ असू द्या.

पुढे हे काम घ्यायचं का, याला मी वर्षभर देईन. इस्तंबूल प्रोटोकॉल सलग वाचायचा प्रयत्न करू नका, जड आहे. मुलाखतीचं, शारीरिक पुराव्याचं आणि मानसिक पुराव्याचं अशी तीन प्रकरणं आधी वाचा. अमेरिकेतली 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स' आणि ब्रिटनमधली 'फ्रीडम फ्रॉम टॉर्चर' या संस्था वर्षानुवर्षं हे काम करतात. त्यांचं शिकवण्याचं साहित्य बघा. तुमच्या बॅचमेटने अमेरिकेतून व्हिडिओवर तपासण्या कर असं सुचवल्याचं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. त्यात घाई करू नका. तिथल्या संस्था सहसा तिथलाच परवाना असलेल्या डॉक्टरांना घेतात आणि तुमची नोंदणी इथली आहे. नोंदी घेणारी म्हणून किंवा संशोधनाला हातभार म्हणून त्यांच्याबरोबर बसता आलं, तर मात्र जरूर बसा. सही करायच्या आधी निदान तीन-चार तपासण्यांत दुसऱ्याच्या बाजूला बसून नुसत्या नोंदी घ्या. पहिले काही अहवाल कुणा अनुभवी डॉक्टरने शब्दन्‌शब्द तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. माझा पहिला अहवाल बाईंनी चार वेळा परत केला होता. 'पेशंटने दावा केला' असं मी जिथे जिथे लिहिलं होतं तिथे त्यांनी 'पेशंटने सांगितलं' असं केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, खोकल्याच्या पेशंटबद्दल तू 'दावा' लिहितेस का?

हे पत्र वाचणाऱ्या इतर डॉक्टरांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल, तर आधी खात्याची लेखी परवानगी घ्या. खासगीतल्यांनी आपली नोंदणी चालू आहे ना ते पाहा. प्रकरण नेहमी वकिलामार्फतच घ्या. पेशंटकडे वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. फी घ्यायची तर ठरावीक घ्या, निकालावर अवलंबून कधीच नको. आणि पेशंटच्या देशाच्या वकिलातीशी कसलाही संपर्क नको, साधी जन्मतारीख पडताळायलासुद्धा नाही.

दुभाष्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण किनारपट्टीवर ही चूक सहज होते. पेशंटची भाषा बोलणारा शॅकवर (किनाऱ्यावरच्या खानावळीत) कोणीतरी असतोच, आणि त्याला हाक मारणं सोपं पडतं. असं करू नका. ती बातमी संध्याकाळपर्यंत पूर्ण किनाऱ्यावर पसरेल, आणि तो माणूस कोणाच्या बाजूचा हे तुम्हाला माहीत नसतं. नातेवाईक नको, मित्र नको, त्याच्या समाजातला ओळखीचा नको. बायको किंवा भाऊ दुभाषी असला तर जे सगळ्यात सांगण्यासारखं असतं तेच पेशंट गिळून टाकतो. वकिलाकडून बाहेरचा, गुप्ततेची हमी लिहून देणारा दुभाषी मागवा, फोनवरचा चालेल. पुरुष हवा की बाई, हे पेशंटला विचारा. आणि बोलताना दुभाष्याकडे न बघता पेशंटकडे बघा.

अहवालाने फरक पडतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. अमेरिकेत २००० ते २००४ या काळातल्या प्रकरणांचा एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. अशी वैद्यकीय तपासणी झालेल्यांपैकी ८९ टक्क्यांना आश्रय मिळाला होता. त्याच काळात देशभरचं प्रमाण होतं ३७.५ टक्के. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. ज्यांना चांगला वकील मिळतो त्यांचीच प्रकरणं डॉक्टरपर्यंत पोहोचतात, आणि ती मुळातच मजबूत असतात. पण सगळा फरक काही त्यानेच पडत नसावा. आणि तरीही तुमचा अहवाल असूनसुद्धा एखाद्याला नकार येईल. तो दिवस वाईट जातो. मी तेव्हा बाईंना फोन करायचे. तुम्हीही असं एक माणूस आधीच शोधून ठेवा, घरातलं नको, याच कामातलं. महिन्याला एकापेक्षा जास्त तपासणी सुरुवातीला घेऊ नका, आणि तपासणीनंतर त्याच संध्याकाळी ओपीडी ठेवू नका.

वर्ष संपल्यावर वाटलं की हे आपल्याला झेपत नाही, तर नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. फक्त नाही म्हणायचं तर वकिलाला लवकर आणि स्पष्ट सांगा, म्हणजे त्याला दुसरं कोणी शोधायला वेळ मिळेल. अर्ध्या पानाचं हो कोणाच्याच कामाचं नसतं.

त्या तरुणाला बोलवाल तेव्हा शेवटचा पेशंट म्हणून रात्री बोलवू नका. एखादी दुपार मोकळी ठेवा. कंपाउंडरला सांगा, दोन तास आत कोणी येणार नाही. टेबलावर पाणी ठेवा. पांढरा कोट घालायचा का, विचार करा; कोठडीत कोटवाले डॉक्टरही हजर असतात, कधीकधी. तपासताना एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा, बाकीचा झाकलेला राहू द्या. हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी विचारा. केव्हाही थांबता येईल, बाहेर जाऊन येता येईल, हे सुरुवातीलाच सांगा. आणि खुर्ची अशी मांडा की त्याची पाठ भिंतीकडे असेल आणि दार त्याला दिसत राहील.